लोहाराची हॅट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

चार्ल्स डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ या कादंबरीविषयी आज बोलायचं आहे. आधी कथानक सांगावं आणि मग पात्रांकडे वळावं, असा रिवाज आहे. मी मात्र आधी एका हॅटविषयी सांगणार आहे.

केंट परगण्यातल्या खेड्यात राहणारा जो गार्जरी नावाचा लोहार एके दिवशी लंडनला येतो. बायकोचा धाकटा भाऊ पिप, ज्याला त्यानं पोटच्या पोरासारखं वाढवलं, तो आता लंडनमध्ये जंटलमन होऊन राहतो आहे, त्याला भेटायला. अंगावर ठेवणीतले कपडे आहेत आणि ते त्याला कुठंच नीट बसत नाहीत. जिना चढताना तो मजल्यामजल्यावरच्या नावाच्या पाट्या वाचत येतो. पायपुसण्यावर इतका वेळ बूट पुसतो, की पिपला वाटतं, आता हाताला धरूनच आत आणावं लागणार. आत आल्यावर हॅट कुठं ठेवावी हे त्याला कळत नाही. पिप ती घ्यायला हात पुढं करतो, पण जो सोडत नाही. शेवटी शेकोटीवरच्या फळीच्या अगदी टोकाला तो ती ठेवतो. मग नाश्ता चालू असताना ती हॅट पुन्हा पुन्हा घसरते आणि जो पुन्हा पुन्हा धावून ती झेलतो. डिकन्सनं इथं चक्क क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकाची उपमा दिली आहे. अखेर ती उष्ट्या चहाच्या भांड्यात जाऊन पडते.

वाचताना हसू येतं. आणि त्याच वेळी मान वर करवत नाही. कारण जो येणार हे पत्रानं कळलं, तेव्हाच पिपनं मनाशी कबूल केलेलं असतं, की पैसे देऊन त्याचं येणं टाळता आलं असतं, तर मी ते दिले असते. त्याच्या पुढचं वाक्य आणखी बारीक आहे. ज्यांच्याविषयी पिपला आदर आहे, त्या हर्बर्टनं किंवा त्याच्या वडिलांनी जोला पाहिलं तर पिपची हरकत नाही. त्याला भीती आहे ती ड्रमल नावाच्या सहाध्यायानं पाहण्याची. आणि ड्रमलला तर तो मनातून तुच्छ लेखतो! ज्यांची आपल्याला किंमत नसते, त्यांच्याच नजरेला आपण जन्मभर घाबरत असतो, ही गोष्ट इतक्या साध्या शब्दांत क्वचितच कुणी लिहिली असेल.

कॉलेजच्या वसतिगृहाच्या फाटकाशी पिशवी घेऊन उभ्या असलेल्या वडिलांची ओळख ‘आमच्या गावचे आहेत’ अशी करून दिल्याच्या हकिगती आपल्याकडे घरोघर ऐकायला मिळतात. घरातला पहिलाच पदवीधर असलेल्यांची एक अख्खी पिढी महाराष्ट्रात होऊन गेली, अजून होते आहे. अशा वाचकाला ही दीडशे वर्षांहून जुनी इंग्रजी कादंबरी परकी वाटत नाही. डिकन्सनं ती ‘ऑल द इयर राउंड’ या स्वतःच्याच साप्ताहिकात १ डिसेंबर १८६० पासून ३ ऑगस्ट १८६१ पर्यंत क्रमशः छापली. हॅटचा प्रसंग तिच्या ५९ प्रकरणांपैकी २७ व्या प्रकरणात, म्हणजे जवळजवळ मध्यावर येतो. माझ्या मते सगळ्या कादंबरीचा तोल त्या हॅटवर आहे.

आता कथानक. आईबाप नसलेला पिप खाजणाकाठच्या गावात थोरल्या बहिणीकडे वाढतो. बहीण फटकळ आणि मारकुटी; तिचा नवरा जो मात्र पिपचा जिवलग. नाताळच्या आदल्या संध्याकाळी कबरस्तानात एक पळालेला कैदी पिपला पकडतो, दरडावून खायला मागतो आणि पायातली बेडी तोडायला कानस मागतो. पिप दोन्ही चोरून नेऊन देतो. कैदी पकडला जातो, प्रकरण मिटतं. पुढं गावातल्या मिस हॅविशॅम या श्रीमंत, विक्षिप्त बाईकडे पिपला खेळायला बोलावणं येतं. लग्नाच्या दिवशीच नवऱ्या मुलानं फसवलेली ही बाई तेव्हापासून तोच लग्नाचा पोशाख अंगावर ठेवून, घड्याळं बंद करून बसलेली आहे. तिच्याकडे एस्टेला नावाची सुंदर, गर्विष्ठ मुलगी आहे. काही वर्षांनी एक वकील येऊन सांगतो, की एका अज्ञात हितचिंतकानं पिपला जंटलमन करायचं ठरवलं आहे. पैशाची चिंता नको. पिप समजतो, मिस हॅविशॅमच ती. तो लंडनला जातो. पुढं कळतं की पैसा त्या कैद्याचा होता.

सिनेमावाल्यांना या गोष्टीतली कोळिष्टकं धरलेली हवेली फार आवडते. डेव्हिड लीनचा १९४६ चा चित्रपट त्या दृश्यांसाठी लोक अजून पाहतात. पण लग्नाचा कुजलेला केक बाजूला ठेवून आपण त्या हवेलीतल्या पत्त्यांच्या डावाकडे पाहू.

पिप आणि एस्टेला पहिल्यांदा जो डाव खेळतात, तो आपल्या भिकार-सावकाराच्याच जातीचा आहे. इंग्रजीतही त्याचं नाव शेजाऱ्याला भिकेला लावणं अशाच अर्थाचं आहे. खेळता खेळता एस्टेला हसते: हा मुलगा गुलामाला ‘नेव्ह’ म्हणायचं सोडून ‘जॅक’ म्हणतो! आज इंग्रजी बोलणारे सगळेच ‘जॅक’ म्हणतात. त्या काळी तो शब्द गावंढळ होता. मग ती त्याच्या खरखरीत हातांना हसते, जाड बुटांना हसते. तोपर्यंत पिपनं आपल्या हातांकडे कधी पाहिलेलंच नसतं. त्या दिवशी घरी परतताना तो हात आणि बूट पाहत पाहत चालतो. जोनं आपल्याला गुलामाचं बरोबर नाव का शिकवलं नाही, असं त्याला वाटू लागतं. बघा, एका दुपारीत काय झालं. भट्टी तीच, माणसं तीच, जेवणही तेच. फक्त एका शब्दावर कुणीतरी हसलं, आणि घराची किंमत उतरली. वर्गभेद म्हटलं की आपल्याला मोर्चे, संप, मालक-मजूर आठवतात. डिकन्स तो पत्त्याच्या एका पानावर दाखवतो.

पिपची सगळी चढण या शरमेच्या इंधनावर चाललेली आहे. लिहायला-वाचायला त्याला बिडी शिकवते. ही बिडीसुद्धा अनाथ, त्याच गावातली, आणि पिपपेक्षा खरं म्हणजे हुशार. तो तिला सांगतो, मला जंटलमन व्हायचं आहे, एस्टेलासाठी. बिडी शांतपणे विचारते: तिच्यावर सूड उगवायला की तिला मिळवायला? पिपला उत्तर देता येत नाही. पुढं लंडनला निघताना तो बिडीला म्हणतो, जोला जरा रीतभात शिकव, म्हणजे मला त्याला वरच्या वर्तुळात नेता येईल. त्यावर ती विचारते, जोलाही स्वाभिमान असेल, हे तुझ्या कधी मनात आलं नाही का? पिप उलट तिच्यावरच मत्सराचा आळ घेतो. शिकलेल्या माणसानं घरच्यांना ‘सुधारायला’ निघावं आणि कुणी बोट दाखवलं की समोरच्याला जळकुकडं ठरवावं, हे दृश्यही आपण पाहिलेलं आहे.

एस्टेला आणि बिडी, ड्रमल आणि हर्बर्ट, जो आणि पिपला बनवणारा तो कैदी मॅग्विच अशा समोरासमोरच्या जोड्या डिकन्स मांडत जातो. पण गरीब तेवढे सज्जन आणि श्रीमंत तेवढे दुर्जन असा सोपा हिशेब त्यानं केलेला नाही. ड्रमल जन्मानं बड्या घरचा, सरदारकीचा वारसदार; वागायला जनावर. हर्बर्टही जंटलमनच्याच कुळातला, पण खिशानं फाटका आणि मनानं लाख. जेवताना सुरी तोंडात घालायची नसते, हे तो पिपला इतक्या हळुवारपणे सांगतो, की शिकणाऱ्याला शिकल्याचा भार होत नाही. एस्टेलानं जे हसून शिकवलं, तेच हर्बर्ट न हसता शिकवतो. तो पिपचं नावही बदलतो. संगीतकार हँडेलची एक रचना ‘सुरेल लोहार’ अशा अर्थाच्या नावानं प्रसिद्ध आहे, म्हणून तो लोहाराकडून आलेल्या या मित्राला ‘हँडेल’ म्हणू लागतो. नव्या नावात भट्टी लपवली गेली आणि आत शिल्लकही राहिली. मला हा तपशील फार आवडतो.

पण खरी मांडणी आहे ती पिपच्या दोन बापांची. मेहुणा जो हा एक आणि मॅग्विच हा दुसरा. पिपला लंडनला न्यायला वकील येतो, तेव्हा तो जोला विचारतो, हाताखालचा उमेदवार जातो आहे, भरपाई म्हणून काय देऊ? एरवी माशीही न मारणारा जो इथं बाह्या सरसावून उभा राहतो. पोराचे पैसे घ्यायचे ही कल्पनाच त्याला सहन होत नाही. मॅग्विचचं उलटं. जन्मठेप भोगायला ऑस्ट्रेलियात पाठवलेला हा माणूस न्यू साउथ वेल्समध्ये मेंढ्या पाळून पैसा साठवतो. घोड्यावरून जाणारे तिथले साहेब लोक त्याच्या अंगावर धूळ उडवत जातात, तेव्हा तो स्वतःशी म्हणतो, मी जंटलमन नसेन, पण माझ्या मालकीचा एक जंटलमन लंडनमध्ये आहे! परत आला तर फाशी ठरलेली, तरी तो आपला जंटलमन डोळे भरून पाहायला एका वादळी रात्री पिपच्या खोलीवर येतो. पिप तेव्हा २३ वर्षांचा आहे. मॅग्विच त्याच्या बोटातली अंगठी निरखतो, कपडे निरखतो, पुस्तकं निरखतो. ती वाचून दाखव म्हणतो. परक्या भाषेतली असली तरी चालतील, म्हणतो. कळलं नाही तरी अभिमान वाटेलच की.

पिपला शिसारी येते. हा माणूस खिशातल्या चाकूनं खातो, आवाज करून खातो. हॅटच्या वेळी जी शरम होती, तीच इथं दसपटीनं परत येते. आणि आता पळायला जागा नाही, कारण अंगावरचा सदरासुद्धा याच माणसाचा आहे. आपण सभ्य झालो ते नेमक्या कुणाच्या कष्टावर, हा प्रश्न पिपनं कधी स्वतःला विचारला नव्हता. डिकन्सनं तो प्रश्न दारात आणून उभा केला. भिजलेला, थकलेला आणि प्रेमानं हात पुढं केलेला.

आता हातांचं पाहा. पिपच्या खरखरीत हातांना हसणारी एस्टेला ही दत्तक मुलगी. तिची खरी आई मॉली, वकील जॅगर्सकडे घरकाम करणारी, एके काळी खुनाच्या खटल्यातून सुटलेली. जॅगर्स एकदा पाहुण्यांसमोर तिचे हात धरून तिची दणकट मनगटं दाखवतो. आणि एस्टेलाचा बाप कोण? मॅग्विच! नाजूक बोटांनी पत्ते टाकणारी ती मुलगी कैद्याची आणि मोलकरणीची निघते. स्वतः जॅगर्सला प्रत्येक अशिलानंतर सुगंधी साबणानं हात धुवायची सवय आहे. या कादंबरीत मऊ हात हे दुसऱ्या कुणाच्या तरी राठ हातांवर पोसलेले असतात. डिकन्स हे बोलून दाखवत नाही. नातीगोती अशी गुंफतो की आपल्यालाच ते दिसावं.

कायद्याच्या दारातही तेच. मॅग्विच आणि कॉम्पेसन दोघांवर एकाच गुन्ह्याचा खटला चालतो. कॉम्पेसन शिकलेला, देखणा, खिशात पांढरा रुमाल. बेत त्याचे, हात मॅग्विचचे. शिक्षा होते ती कॉम्पेसनला सात वर्षं आणि मॅग्विचला चौदा. मिस हॅविशॅमला बुडवणारा नवरा मुलगाही हाच. फार काही भाष्य करायची गरज नाही.

डिकन्सला हे सगळं कुठून कळलं? त्याचा जन्म १८१२ चा. १८२४ मध्ये वडील कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात गेले, आणि बारा वर्षांचा चार्ल्स बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवू लागला. एकदा तो तिथं आजारी पडला. बरोबरचा एक मुलगा म्हणाला, तुला घरापर्यंत सोडतो. घर म्हणजे तुरुंगाशी जोडलेलं ठिकाण. चार्ल्सनं एका भलत्याच घराच्या पायरीवर उभं राहून त्याचा निरोप घेतला, जणू आपण इथंच राहतो; आणि खरं वाटावं म्हणून दारही वाजवलं. ही गोष्ट त्यानं जन्मभर दडवून ठेवली. १८७० मध्ये तो गेला, त्यानंतर त्याचा मित्र जॉन फॉर्स्टर यानं लिहिलेल्या चरित्रातून ती लोकांना कळली. इंग्लंडातला सर्वांत लोकप्रिय लेखक होऊनही ती पायरी त्याच्या मनातून गेली नाही. पिपला त्यानं मोठेपणी मागे वळून स्वतःची गोष्ट सांगायला लावली आणि कुठंही सूट दिली नाही, ती त्यामुळेच असावी.

एक तक्रार मात्र नोंदवतो. जो फार चांगला आहे. इतका चांगला, की वाचक निर्धास्त होतो. अपमान गिळून आशीर्वाद देणारा गरीब आपल्या सगळ्यांना सोयीचा असतो. राग डिकन्सनं दुसरीकडे वाटून टाकला आहे: भट्टीवरचा कामगार ऑर्लिककडे, जो पिपला सुट्टी तर मला का नाही असं रोकडं विचारतो आणि पुढं खुनशी होतो, आणि शिंप्याकडच्या त्या टारगट पोराकडे, जो नव्या कपड्यातल्या पिपमागून भर रस्त्यात त्याची नक्कल करत चालतो, की मी तुम्हाला ओळखतच नाही बुवा! त्या पोराचं नावही डिकन्स देत नाही. पण पिपला पुरतं ओळखलेला एवढा एकच प्राणी गावात आहे, असं मला प्रत्येक वाचनात वाटतं.

आता थोडं भाषेचं. कवी असल्यामुळे माझा जीव तिथं अडकतो. हॅटच्या प्रसंगात जो बोलता बोलता पिपला कधी नुसतं नावानं, लाडानं हाक मारतो, तर कधी ‘सर’ म्हणतो. इंग्रजीत तू-तुम्ही उरलेलं नाही. सगळा मानापमान त्या एका ‘सर’वर तोलावा लागतो. मराठीत हे करायचं तर क्रियापदच बदलेल. ‘कसा आहेस रे’ म्हणणारा माणूस अर्ध्या वाक्यात ‘कसे आहात’वर येईल. उर्दूत आप, तुम आणि तू अशा तीन पायऱ्या आहेत. तिथं तर तोल जायला आणखी जागा. आणि ‘सर’ला शब्द कोणता घ्यायचा? साहेब. हा मूळ अरबी शब्द. त्याचा पहिला अर्थ सोबती. प्रेषितांच्या सोबत्यांना सहाबा म्हणतात, ते याच धातूवरून. सोबत्याचा साहेब होईपर्यंत त्या शब्दानं केवढी चढण चढली! उलट जो पिपला लाडानं जी हाक मारतो, तिच्यासाठी मराठीत ‘गड्या’ हा शब्द चपखल बसेल. पण गडी म्हणजे खेळातला सवंगडी, आणि गडी म्हणजे घरचा नोकरही. एक शब्द वर गेला, एक खाली आला. जो आणि पिप यांच्यामध्ये टेबलावर हेच दोन शब्द मांडलेले आहेत.

त्या भेटीत जो रागावत नाही. जाताना एवढंच सांगतो, की चूक असलीच तर ती माझी. मी या कपड्यांत आणि या शहरात शोभत नाही. भट्टीवर ये, खिडकीतून डोकाव, तिथं मी जसा आहे तसा दिसेन. ही माघार नव्हे. बिडी म्हणाली होती तो स्वाभिमान हाच. पिप लगेच गावी जातो खरा, पण एस्टेलाला भेटायला. आणि उतरतो तो खानावळीत, जोकडे नाही.

शेवटी मॅग्विच पुन्हा पकडला जातो. न्यायाधीश एका दमात ३२ स्त्री-पुरुषांना फाशी सुनावतो, तेव्हा भरल्या कोर्टात पिप त्याचा हात हातात धरून उभा असतो. लोक पाहत असतात आणि पिपला त्याचं काही वाटत नाही. फाशीआधीच मॅग्विच तुरुंगात मरतो, त्याची सगळी मालमत्ता सरकारजमा होते, आणि कर्जात बुडालेला पिप तापानं फणफणतो. शुद्धीवर येतो तेव्हा उशाशी जो. जो त्याला लहान मुलासारखं उचलतो, फिरायला नेतो. पुन्हा ती जुनी लाडाची हाक. पण पिप जसजसा बरा होत जातो, तसतसं जोच्या बोलण्यात ‘सर’ परत येऊ लागतं. आजारपणात दोघं एका पातळीवर होते. तब्येत सुधारली आणि वर्ग परतला. एका सकाळी पिप उठतो तर जो गेलेला. मागं एक चिठ्ठी. एके काळी आपल्या नावाची दोन अक्षरं तेवढी ओळखणारा जो आता बिडीकडून लिहायला शिकलेला आहे. चिठ्ठीसोबत पावती आहे: १२३ पौंड, १५ शिलिंग, ६ पेन्स. ज्या कर्जापायी पिपला अटक होणार होती, ते लोहारानं चुकतं केलेलं.

कादंबरीचा शेवट डिकन्सनं बदलला, हे अनेकांना ठाऊक असेल. आधीच्या शेवटात पिप आणि एस्टेला रस्त्यात भेटून कायमचे दूर होतात. लेखकमित्र बुल्वर-लिटन याच्या सल्ल्यावरून त्यानं तो थोडा आशेचा केला. कुठला शेवट बरा, यावर समीक्षक अजून वाद घालतात. मला त्या वादात रस नाही. कारण जो आणि पिपचा शेवट त्यानं दोन्ही वेळा तोच ठेवला.

अकरा वर्षं परदेशी नोकरी करून पिप गावी येतो. अंधार पडलेला असतो. तो स्वयंपाकघराच्या दाराची कडी हळूच उघडून आत पाहतो. जुन्या जागी विस्तवाशेजारी जो बसलेला, केस थोडे पिकलेले. आणि कोपऱ्यात पिपच्याच छोट्या स्टुलावर एक लहान मुलगा विस्तवाकडे पाहत बसलेला. जो आणि बिडीचा मुलगा. त्याचंही नाव त्यांनी पिपच ठेवलं आहे. मोठा पिप त्याच्या शेजारी दुसरं स्टूल ओढून बसतो. लहानपणी मोठी माणसं त्याचे केस विस्कटायची, ते त्याला आवडायचं नाही. म्हणून तो या मुलाचे केस विस्कटत नाही. दुसऱ्या दिवशी तो बिडीला म्हणतो, हा मला देऊन टाक, निदान काही दिवस उसना तरी दे. बिडी हळूच नाही म्हणते.